सरपणाची बेगमी

थंडीची तयारी वैशाखांत करावी लागते असें सांगितलें, तर शहरवासी वाचकांस हंसूं येईल. परंतु वेल्ह्यास, तोरण्याच्या पायथ्याशीं, ती तशीच होत असे. एकदां मृग लागला कीं लांकूड वाळावयास ऊन मिळत नाहीं. आणि ओल्या लांकडाची बरीचशी आंच त्यांतील पाणी आटविण्यांतच खर्चीं पडते. म्हणून पाऊस व पुढील पौष-माघ या सर्वांचें सरपण एकदमच भरून ठेवावें लागे. पडवींत दगडांवर फळ्या टाकून, वाळवी व ओल चुकवून, आम्ही भावंडें तें रचीत असूं. बाभळीचीं खांडें चुलाणास, ढलप्या बंबास, काटक्या चुलीस, अशी वांटणी ठरलेली असे.

१९७४ च्या वैशाखांत मात्र आमच्या घरच्यांनीं मोळीवालीशीं चार आण्यांसाठीं घासाघीस केली. ती डोक्यावरची मोळी न उतरवतांच परत गेली. पुन्हां येईल, स्वस्तांत देईल, अशा समजुतीनें आम्ही स्वस्थ राहिलों. पडवी अर्धीच भरली.

श्रावणांत, भोरास दिलेली आमची थोरली बहीण माहेरीं बाळंत झाली, तों वाळकें सरपण संपलें. शेकास ओलीं लांकडें. खोली धुरानें भरली, बाळ खोकूं लागलें. अशा एका संध्याकाळीं तीच बाई मोळीवर इरलें घालून, स्वतः भिजत, दारीं आली. “बाळंतिणीला शेक नको व्हय, आजी? घ्या ठेवून,” एवढेंच बोलली. आजींनीं दुप्पट पैसे पुढें केले. तिनें वैशाखांत सांगितलेलाच भाव घेतला. लांकडांच्या सालीला काजळी होती. ती मोळी तिच्याच चुलीवरच्या माळ्यावरून काढलेली आहे, हें आजींनीं ओळखलें. त्या रात्रीं त्या जेवल्या नाहींत.

२०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनें गॅस डोंगरवाड्यांपर्यंतहि नेला. चुलीचा धूर फुप्फुसांस किती बाधतो, व बंद खोलींतल्या निखाऱ्यांमुळें कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायु कसा सांचतो, हें आतां ठाऊक झालें आहे; तेव्हां बाळंतिणीच्या खोलींतली ती शेगडी परत यावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण पौषांत आमच्या न्हाणीघरांतला बंब अजून पेटतो, व त्यासाठीं वैशाखांत मोळी दारीं येते. तिचा भाव आम्ही आतां एकदांच विचारतों.