ओल झाकून जात नाही

भामरागडला जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की पुढचे तीन-साडेतीन महिने घरातली एकही वस्तू पुरती कोरडी राहत नाही. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव, आणि चहूबाजूंनी जंगल. झड लागली की चार-चार, सहा-सहा दिवस सूर्य दिसत नाही. पर्लकोटाचा पूल वर्षानुवर्षे पावसाळ्यात पाण्याखाली जात आला आहे. पूल बुडाला की आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो आणि वर्तमानपत्रात तेवढी बातमी येते. बातमीत न येणारी गोष्ट घराघरांत घडत असते. आलमारीमागची भिंत काळी पडते. काळ्या बुरख्यावर पांढुरके ठिपके उमटतात. चामड्याची चप्पल हिरवट होते. निकाहचा जोडा ठेवलेली पेटी उघडली की कुबट वास येतो. आणि रात्री घरातले कोणीतरी खोकू लागते.

आमच्या घरात खोकते ती धाकटी मुलगी. श्रावण लागला की तिचे नाक वाहू लागते, सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका येतात आणि मध्यरात्रीनंतर छातीत घरघर सुरू होते. उन्हाळ्यात नानीकडे ती दिवसभर पळते, तिला काही होत नाही. पावसाळ्यातही ओसरीवर खेळताना ती बरी असते. आतल्या खोलीत झोपली की त्रास वाढतो. हा फरक आम्ही वहीत तारखांसह लिहून ठेवला आणि डॉक्टरांना दाखवला. त्यांनी औषधाबरोबर एक प्रश्नही दिला: ‘त्या खोलीत ओल कुठून येते?’

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे बुरशी दिसली की पहिला ठपका घरातल्या बाईवर येतो. सून आळशी आहे, झाडझूड करीत नाही, असे बोलले जाते. बुरशीला घाणीपेक्षा पाणी हवे असते. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात, स्वच्छ घरातही असतात. जंगलात हीच बुरशी गळालेली पाने आणि पडलेले लाकूड कुजवून माती करते. पावसाळ्यात बाजारात येणारी अळंबी तिच्याच कुळातली. अल्लाहने नेमून दिलेले तिचे हे काम नसते तर जंगल आपल्याच पानांखाली गाडले गेले असते. पण भिंत, गादी किंवा कापड एक-दोन दिवसांत सुकले नाही, किंवा खोलीतली आर्द्रता बराच काळ 60 टक्क्यांच्या वर राहिली, की ती घरातही आपले काम सुरू करते. अशा ओलसर हवेत गाद्या-उशांमधले धुळीतले किडेही वाढतात. बीजाणू आणि या किड्यांची विष्ठा श्वासात गेली की काहींना ॲलर्जी होते, दमा असलेल्यांचा दमा उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा सांगावा हाच आहे की ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास अधिक होतात आणि उपाय ओल थांबवण्यात आहे.

प्रत्येक खोकला बुरशीचा नसतो, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, सोबत ताप, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

ओल शोधण्याची एक सोपी युक्ती आहे, ती शाळेतली मुलेही करू शकतात. वहीच्या पानाएवढा प्लास्टिकचा तुकडा घ्यावा आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येते: गळका स्लॅब, फुटलेला नळ, किंवा पायातून विटांमध्ये वर चढणारे पाणी. थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर पाणी खोलीतल्या हवेतले आहे: आत वाळत घातलेले कपडे, चुलीवर उकळणारे पाणी, न्हाणीघराची वाफ. पहिल्या ओलीला गवंडी लागतो, दुसरीला खिडकी.

आमच्या भिंतीवर थेंब खोलीच्या बाजूला दिसले. दोरीवर रोज घरभराचे ओले कपडे, खिडकी बंद आणि आलमारी भिंतीला टेकलेली. आलमारी वीतभर पुढे ओढली, कपड्यांची दोरी ओसरीच्या छपराखाली नेली. लोखंडी पेट्या विटांवर ठेवल्या. मुलीची जुनी कापसाची गादी काढून तिच्या जागी धुता येणारी गोधडी दिली. चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुतला जातो. उघाड मिळाली की शिकवणीही थांबते. सगळे मिळून अंथरुणे बाहेर काढतो. यात मोठा खर्च नाही, पण रोजचे लक्ष लागते.

या भागातली जुनी घरे आठवून पाहावीत. बांबूच्या ताट्या, वर कवेलू, आत चूल. त्या घरांत धूर होता, गळतीही होती. पण कवेलूंच्या आणि ताट्यांच्या फटींतून वारा खेळत असे आणि चुलीच्या उष्णतेने आतली हवा सुकत असे. आता स्लॅबची पक्की घरे झाली. ती हवीतच, पुराच्या गावात तर हवीतच. 2019 च्या पावसाळ्यात भामरागडच्या बाजारपेठेत पाणी शिरले होते, तेव्हा पक्क्या भिंतींची किंमत कळली. पण पक्क्या घरात पाणी शिरले की ते भिंतीत आठवडेच्या आठवडे राहते, आणि वारा यावा अशी फट त्यात आपसूक नसते. ती आपल्याला ठेवावी लागते.

इथे कोणी म्हणेल, खिडक्या उघडल्या तर मच्छर येतील. खरे आहे. गडचिरोली हा राज्यातल्या हिवतापाचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. दम्याच्या भीतीने हिवताप घरात बोलावणे शहाणपणाचे नाही. म्हणून खिडक्यांना बारीक जाळी बसवून घ्यावी. जाळी नसेल तर सकाळी दिवस वर आल्यापासून असरपर्यंत, पाऊस थांबलेला असताना, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मगरिबच्या आधी बंद कराव्यात. रात्री मच्छरदाणी हवीच. वीज दोन-दोन दिवस नसते, तिथे हवा सुकवणाऱ्या यंत्राचा सल्ला कामाचा नाही. वारा आणि ऊन एवढीच आपली यंत्रे.

आता भिंतीवर आलेल्या बुरशीविषयी. तिच्यावर रंग मारला तर ती मरत नाही, महिन्याभरात रंगाचे पोपडे निघतात. सुकी बुरशी झाडूने खरवडली तर बीजाणू खोलीभर उडतात. आधी नाकातोंडाला कापड घट्ट बांधावे, भिंत साबणाच्या पाण्याने भिजवावी, मग ब्रशने घासून, पुसून सुकवावी. ब्लिचिंग पावडरचे पाणी फरशी-टाइल्सवर वापरता येते, पण ते संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, म्हणून नुसती मारून भागत नाही, काढून टाकावी लागते. मे महिन्यात कोरड्या भिंतीला चुना मारून घ्यावा. चुना तीव्र क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही.

हे काम कोणी करावे? ज्याला दमा आहे त्याने मुळीच करू नये. पण आपल्या घरांत बहुधा उलटे होते. जिची छाती भरते तीच झाडू मारते, तीच गाद्या झटकते, आणि पुरुष मंडळी बाहेर बसून तिच्या खोकल्याची चौकशी करतात. प्रेषित मुहम्मद (स.) घरच्या कामात हातभार लावीत, आपले कपडे स्वतः शिवत, हे आपण बयानात ऐकतो. ती सुन्नत भिंत घासण्याच्या दिवशीही लागू आहे.

कुबट वास झाकण्यासाठी जुमेरातला लोबान जाळणारी घरे पुष्कळ आहेत. लोबानचा सुगंध कोणाला आवडत नाही? पण धुराने भिंत सुकत नाही आणि दम्याच्या मुलाला तो धूर बाधतो. अगरबत्ती आणि मच्छरांची कॉइल यांचेही तेच. पेटीत ठेवायच्या डांबरगोळ्यांविषयी तर अधिक सावध राहावे. जी-6-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता काही लोकांत असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. बाळाचे कपडे आणि दुपटी त्या पेटीत ठेवूच नयेत. कडुनिंबाचा सुका पाला कीड दूर ठेवायला ठीक आहे, पण ओल तोही शोषत नाही. उघाड मिळाली की पेटी उघडून कपड्यांना ऊन दाखवणे, हाच उपाय.

घराबाहेर एका जागेचा विचार आपण सहसा करीत नाही. मशिदीत वजू करून ओल्या पायांनी आपण सफीत उभे राहतो. पावसाळ्यात जाड गालिचा ते पाणी पीत राहतो आणि सजद्यात आपले नाक नेमके त्याच गालिच्याला टेकते. नमाजीत शिंका का येतात, याचे उत्तर तिथे आहे. पावसाळ्यापुरते गालिचे सुकवून, गुंडाळून उंचावर ठेवावेत आणि धुता येणाऱ्या चटया अंथराव्यात; वजूखान्याजवळ पाय पुसायला सुती कापड ठेवावे. घरातले मुसल्लेही आठवड्याला धुवावेत.

कुरआन शरीफच्या जुन्या प्रतींना ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बंद करण्याची पद्धत आहे. प्लास्टिकमध्ये आतली ओल कोंडते. सुती गिलाफ बरा, आणि पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीवर रेहल-फळी नको. पाने ओली झाली तर सावलीत, वाऱ्यावर, हळूहळू सुकवावीत. अक्षरे वाचता येत नाहीत इतकी प्रत खराब झाली तर ती पाक कापडात गुंडाळून स्वच्छ जागी दफन करण्याचा रिवाज आहे. इमामसाहेबांना विचारून तसे करावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. डॉक्टरांनी आमच्या मुलीला पंप दिला तेव्हा घरी आलेल्या फुफीजान काळजीने म्हणाल्या, ‘बेटा, पोरीची जात आहे. पंप ओढताना चार लोकांनी पाहिले तर उद्या रिश्ता कोण आणील? गोळ्याच द्या की.’ त्यांचे मन वाईट नव्हते. आपल्या समाजात असे शेकडो पंप आज ओढणीखाली, कपाटाच्या तळाशी लपलेले आहेत, आणि काही मुली रात्रभर बसून श्वास मोजत आहेत.

आम्ही फुफीजानना हिशेब मांडून दाखवला. दम मोकळा करणाऱ्या साल्ब्युटामॉल पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची असते. म्हणजे दोन फवारे आणि 4 मिलिग्रॅमची एक गोळी यांत वीसपटीचा फरक. गोळी पोटातून सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते; पंपाचे औषध थेट श्वासनळीत जाते. ‘चष्मा लागला तर चष्म्याची सवय लागली, असे आपण म्हणतो का?’ असे विचारल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग मलाही एकदा डॉक्टरांना दाखवा.’ कित्येक वर्षे जिना चढताना त्यांना दम लागत होता, हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

वारंवार त्रास होत असेल तर नुसता तात्पुरता आराम देणारा पंप पुरत नाही. श्वासनळीची सूज कमी करणारे औषध डॉक्टर ठरवतात आणि ते बरे वाटले तरी चालू ठेवावे लागते. त्या पंपानंतर चूळ भरावी, नाहीतर तोंडातही बुरशी येते. लहान मुलांसाठी पंपाला स्पेसर नावाची नळी लावतात. रोजात पंप घेण्याबाबत आलिमांत मतभेद आहेत. आजाऱ्याला रोजा पुढे पूर्ण करण्याची सवलत दीनने दिलेली आहे, तेव्हा आलिम आणि डॉक्टर दोघांनाही विचारावे. श्वास कोंडून धरण्यात सबाब नाही.

ज्यांच्या गावाचा रस्ता पावसात बंद होतो त्यांनी मे महिन्यातच दोन महिन्यांची औषधे आणून ठेवावीत. ओठ निळसर पडले, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर पंप द्यावा आणि सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्यावे. भामरागडला ग्रामीण रुग्णालय आहे, जवळच हेमलकशाला लोकबिरादरीचा दवाखाना आहे. कुठे न्यायचे आणि नाला भरला तर कोणत्या वाटेने, हे आधीच ठरलेले असावे.

रंगाखाली ओल झाकता येते, लोबानने वास झाकता येतो, ओढणीखाली पंप झाकता येतो. पण आत जे चालले आहे ते चालूच राहते. पाकीला आपण ईमानाचा भाग मानतो. तिच्यात कोरडी भिंत आणि मोकळा श्वासही धरूया. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्या घरांत आफियत नांदवो. आमीन.