पाठीवर साडेतीन किलो!

'अगं, काट्याकडे बघ ना! किती झालं?'

'तीन किलो सहाशे.'

'शंभर ग्रॅम जास्त? असू दे. कमी भरलं तर बाद करतात.'

रात्रीचे दहा वाजलेत. ऑस्लोमधल्या माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, किचनमध्ये आम्ही सॅक भरतोय. आत काय काय आहे? वारा अडवणारं जॅकेट, कोरडे कपडे, जास्तीचे हातमोजे आणि... तूरडाळीची एकेक किलोची दोन पाकिटं! ग्रोनलांड भागातल्या देशी दुकानातून खास आणलेली. दुसऱ्या दिवशी ही डाळ पाठीवर घेऊन ताई बर्फातून 54 किलोमीटर जाणार होती. वय वर्षं चव्वेचाळीस.

मंडळी, स्कीइंग म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमा आठवतो. रंगीत स्वेटर, उतारावरून सुसाट येणारा हिरो! पण क्रॉस-कंट्री स्कीइंग हे वेगळंच प्रकरण आहे. यात चढही स्वतःच चढायचा असतो. लिफ्ट नाही, काही नाही. पायाखाली लांब, अरुंद पट्ट्या, दोन्ही हातांत काठ्या. एक पाय रेटायचा, दुसऱ्यावर घसरायचं. असं तासन्‌तास. नॉर्वेत हा खेळ म्हणजे आपल्याकडचं गल्ली क्रिकेट. रविवारी ऑस्लोची मेट्रो पकडून फ्रोग्नरसेतेरेनला जा. अख्खा डबा स्की घेऊन उभा असतो. आजोबा, नातवंडं, सगळे!

उद्याची शर्यत होती 'बिर्केबायनर'. स्थानिक लोक लाडानं 'बिर्केन' म्हणतात. 1932 पासून सुरू असलेली ही शर्यत रेना गावातून निघते आणि डोंगर ओलांडून लिलेहामरला संपते. 1994 चं हिवाळी ऑलिंपिक झालं, तेच लिलेहामर. आणि साडेतीन किलोंची भानगड काय? 1206 साली नॉर्वेत यादवी माजली होती. तेव्हा 'बिर्केबायनर' गटाच्या दोन योद्ध्यांनी राजघराण्यातल्या तान्ह्या होकुनला स्कीवरून, बर्फाच्या डोंगरातून सुरक्षित ठिकाणी नेलं. पुढे तो राजा झाला. हे ओझं म्हणजे ते बाळ! ताईनं हे सांगितलं तेव्हा मला थेट टोपली डोक्यावर घेऊन यमुना ओलांडणारा वसुदेवच दिसला.

खरी गंमत पुढे आहे. ही एका दिवसाची जत्रा नाही, अख्खा सीझन असतो. जानेवारीत इटलीत 70 किलोमीटरची 'मार्चालोंगा', मग फेब्रुवारीत चेक प्रजासत्ताकात 'यिझेर्स्का', एस्टोनियात 'तार्तू' आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये अमेरिकन बिर्केबायनर. मार्चच्या पहिल्या रविवारी स्वीडनची 'वासालोपेत', चक्क 90 किलोमीटर! ही 1922 पासून चालू आहे, पण बायकांना तिथे अधिकृत प्रवेश मिळायला 1981 उजाडलं. 1978 साली अशा शर्यतींची 'वर्ल्डलोपेत' नावाची संघटना झाली. तिचा चक्क पासपोर्ट मिळतो. शर्यत पूर्ण केली की शिक्का! वेगवेगळ्या दहा शर्यतींचे शिक्के, त्यातला निदान एक दुसऱ्या खंडातला, की तुम्ही 'मास्टर'. त्यासाठी लोक ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाला जातात, कारण तिथे तेव्हा हिवाळा असतो. ताईच्या पासपोर्टवर शिक्के तीन. सीझनभर छोट्या शर्यती खेळायच्या, त्यातल्या वेळेवरून मोठ्या शर्यतीत पुढची बॅच मिळवायची, हा वेगळा उद्योग.

सगळ्यात सॉलिड गोष्ट म्हणजे वयोगट. दर पाच वर्षांचा एक. 40 ते 44, 45 ते 49, असं करत ऐंशीच्या पुढेही! बिर्केनचा मानाचा बिल्ला मिळवायचा तर साऱ्या जगाला हरवायची गरज नाही. तुमच्या गटातल्या पहिल्या पाच जणांची सरासरी वेळ काढायची, त्यात पंचवीस टक्के मिळवायचे. त्या वेळेच्या आत पोचलात की बिल्ला तुमचा. सत्तरीच्या आजींची तुलना सत्तरीच्याच आजींशी.

ताईला तो बिल्ला हवा होता. का? आमची ही ताई पुण्यात शाळेच्या टीममधून खो-खो खेळायची. मग दहावी आली. 'आता खेळ पुरे' असं घरात ठरलं. तिला कुणी विचारलंच नाही. नंतर इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, ऑस्लो. छत्तिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा स्कीवर उभी राहिली आणि शेजारच्या पाच वर्षांच्या पोरासमोर दाणकन आपटली. 'पण तो हसला नाही गं,' ती सांगते. 'त्याला वाटलं, मोठी माणसंही शिकतातच.'

पहाटे जिजूंनी तिला रेनाला सोडलं. स्कीच्या तळाला कुठलं मेण लावायचं, यावर तिथे संसदेत बसल्यासारखी चर्चा चालू होती. कोरडी थंडी असेल तर एक मेण, बर्फ ओला होऊन परत गोठला असेल तर 'क्लिस्टर'. हे प्रकरण हुबेहूब फणसाच्या चिकासारखं. हाताला लागलं की सुटायचं नाव नाही! मग आम्ही दोघं गाडीनं वळसा घालून शूशोएनला गेलो. शेवटचा मोठा चढ इथवर संपलेला असतो. लोकांनी बर्फात शेकोट्या पेटवल्या होत्या, सॉसेज भाजत होते. कुणीही समोरून गेलं की 'हाइया, हाइया!' ओळख असो वा नसो.

ताई आली तेव्हा तिच्या भुवयांवर बर्फ होता. जिजूंनी घड्याळ बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. मी मात्र बेंबीच्या देठापासून ओरडले, 'चल ताई, पळ!' आसपासची मंडळी लगेच 'ताई! ताई!' करायला लागली. ती हसली. मान खाली घालून पुढे गेली.

लिलेहामरच्या स्टेडियममध्ये सॅकचं वजन झालं. पास. बिल्ला अकरा मिनिटांनी हुकला.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ शांतता. मला वाटलं, रडतेय. तेवढ्यात मागून आवाज आला, 'अगं, पुढच्या वर्षी मी पंचेचाळिसाची! नवा गट!' वाढत्या वयाचा इतका आनंद झालेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते. मी अठ्ठावीसची आहे आणि तिशीच्या नुसत्या विचारानं मला धडकी भरते. इथे मात्र 'मास्टर्स वर्ल्ड कप'ची दारंच तिशीला उघडतात. त्याआधी एंट्री नाही!

रात्री ताईनं सॅक रिकामी केली, डाळीचं एक पाकीट फोडलं आणि आमटी केली. 54 किलोमीटर फिरून आलेली आमटी! दुसरं पाकीट मात्र तिनं फडताळात वरच्या फळीवर ठेवलं. 'ते पुढच्या वर्षीचं,' म्हणाली.

जायचंय?

बिर्केन मार्चच्या मध्यावर, शनिवारी असते. नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागतो. ऑस्लोहून लिलेहामर ट्रेननं दोन-सव्वादोन तासांवर आहे. नुसती बघायची असेल तर शूशोएन बेस्ट, फक्त थर्मल आणि जाड मोजे विसरू नका. आणि स्कीवर उभं राहून बघायचं असेल, तर सुरुवात आपल्या गुलमर्गलाही करता येते. वयाची अट? ती तर नाहीच!