विहाराच्या अंगणातले गट्टू

आमच्या नागपूरच्या वस्तीतील विहाराच्या अंगणात सिमेंटचे गट्टू बसवण्याचा ठराव झाला, त्यावर चिटणीस म्हणून सही माझीच होती. हे आधीच सांगून टाकते. पावसाळ्यात चिखल नको, वंदनेला येणाऱ्या बायांची पांढरी पातळं खराब व्हायला नकोत, पोरांच्या गाड्या नीट उभ्या राहाव्यात, एवढाच विचार होता. निधी मिळाला, ठेकेदार आला, आठ दिवसांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल-पिवळे गट्टू बसले. त्या दिवशी आम्ही पेढेसुद्धा वाटले.

अंगणाला लागून एका मावशीचे घर आहे. मालक गिरणीत होते, ते गेल्यापासून एकट्याच राहतात. समोरचा रस्ता सिमेंटचा होऊन आधीच त्यांच्या उंबरठ्याच्या वर गेला होता, त्यात आमच्या अंगणाची भर. पहिल्याच मोठ्या पावसात अंगणातले सगळे पाणी त्यांच्या घरात शिरले. कपड्यांची पेटी विटांवर चढवून बाई रात्रभर खाटेवर बसून होत्या. सकाळी मी गेले तेव्हा एवढेच म्हणाल्या, "पोरी, विहाराचं पाणी आहे. आता कोणाला बोलू?" त्या चार शब्द बोलल्या असत्या तर बरे झाले असते. ज्या समाजाने १९२७ साली महाडला पाण्याच्या हक्कासाठी डोकी फोडून घेतली, त्या समाजाच्या विहाराने आपल्याच माणसाच्या घरात गढूळ पाणी सोडावे, हे मनातून जाईना.

मी शिकले बी. कॉम., कारकुनी केली. आकडे मांडल्याशिवाय मला काही समजत नाही. दुपारच्या सुट्टीत हिशेब केला. अंगण चाळीस बाय पन्नास फूट, म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तो आपण सर्वांनी पाहिला. तसा पाऊस आमच्या एवढ्याशा अंगणावर पडला तर साडेअठरा हजार लिटर पाणी होते. मातीचे अंगण होते तेव्हा यातले काही जिरत होते, काही खळग्यांत थांबत होते. गट्टूंनी सगळेच मावशींच्या दाराकडे वळवले.

दुसरी गोष्ट पिंपळाची. गट्टू अगदी बुंध्याला भिडवून बसवले होते. दोन वर्षांत एका बाजूचा शेंडा वाळू लागला. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते, हे आम्ही विसरलो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या भोवतालचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला होता. बोधिवृक्ष म्हणून ज्याला आपण हात जोडतो, त्याच्यासाठी आम्हाला तेवढेही सुचले नाही.

पण गट्टू उखडायचे तर गाड्या कुठे लावायच्या? हा प्रश्न खोटा नाही. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवरील भूमिगत पार्किंगविरुद्ध लोक उभे राहिले आणि ते काम थांबले. आमच्या वस्तीतलेही बरेच जण गेले होते. त्यानंतरच्या बैठकीत मी विचारले, तिथे जमिनीच्या पोटाची काळजी केली, मग आपल्या अंगणाचे काय?

सिव्हिलचा डिप्लोमा झालेला आमचाच एक मुलगा म्हणाला, "ताई, जाळीचे गट्टू मिळतात." दुकानात त्याला ग्रास पेव्हर म्हणतात. सिमेंटचाच ठोकळा, पण मधे मोठमोठी भोके. भोकांत माती आणि त्यात गवत. यावर आमचे एक वयस्क उपासक म्हणाले, "भिक्खू पावसाळ्यात हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार आली, म्हणून भगवंतांनी वर्षावास सांगितला. महावग्गात आहे. आणि तुम्ही विहारात गवतावर गाड्या चालवणार?" सगळे हसले, पण मला तो प्रश्न रास्त वाटला. उत्तरही सापडले. चाकाचे ओझे ठोकळ्याच्या कडा घेतात. गवताचा गड्डा खाली भोकात असतो, तो चिरडत नाही.

खरे काम जमिनीखाली आहे. आमच्याकडची काळी माती, ओली झाली की फुगते आणि पाणी लवकर खाली सोडत नाही. म्हणून वरचा थर काढला. जाड कापडासारखी जाळी अंथरली, म्हणजे माती वर येऊन गिट्टीत मिसळत नाही. त्यावर चुरी नसलेली, धुतलेली मोठी गिट्टी. चुरी आली की फटी बुजतात आणि सगळा खर्च वाया जातो. पाणी या गिट्टीत थांबते आणि हळूहळू मुरते. जास्तीचे पाणी तळाच्या भोकांच्या पाइपातून शोषखड्ड्याकडे जाते. वर बारीक गिट्टीचा पातळ थर आणि त्यावर जाळीचे गट्टू. मावशींच्या भिंतीपासून मात्र लांबच ठेवले, नाहीतर पाया ओला व्हायचा.

सगळे अंगण आम्ही तसे केले नाही. फाटकापासून दारापर्यंत जुन्याच गट्टूंची चार फुटी वाट ठेवली, कारण काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांचा पाय जाळीत अडकतो. मंगलकार्याच्या खुर्च्या जिथे मांडतात, तीही जागा सपाट. पिंपळाभोवती फक्त माती.

चुका झाल्याच. पहिल्या वेळी भोके काठोकाठ भरली. चाकांनी माती दाबून दगड केली, पाणी वरच साचले. मग अर्धा-पाऊण इंच माती काढून त्यात रेती आणि शेणखत मिसळले. जूनमध्ये हरळीचे तुकडे लावले आणि दीड महिना गाड्या बाहेर उभ्या केल्या. यावरून माझे किती जणांशी वाजले, ते विचारू नका! आमच्यातल्या एकाचा ऑटो दिवसभर एकाच जागी उभा असतो. तिथे ऊन लागेना, गवत जगले नाही. त्या भोकांत आता नुसती गिट्टी आहे आणि पाणी तिथूनही जातेच. गाडी धुवायला आणि ऑइल बदलायला मात्र सक्त बंदी, कारण तेल थेट खाली उतरते.

खर्च साध्या गट्टूंपेक्षा जास्त आला. खोदाई पोरांनी दोन रविवारी श्रमदानाने केली. गवत वाढले की कापावे लागते, ती पाळी महिला मंडळाने घेतली आहे. पुरुष मंडळींची पाळी कागदावरच आहे.

यंदा जोराचा पाऊस झाला त्या रात्री मी छत्री घेऊन मावशींच्या दारात जाऊन उभी राहिले. पाणी पायरीपर्यंत आले, तासाभरात उतरले. ते रस्त्यावरचे होते, अंगणातले नव्हते. पिंपळाला खालून नवी पालवी आली आहे, शेंडा अजून वाळलेलाच आहे. मावशींनी पेटीखालच्या विटा काही काढलेल्या नाहीत. मीही काढा म्हटले नाही.