जिजाईची भाकरी



चाळीस-बेचाळीस वर्षे कीर्तनसेवा घडली. आता आवाज लागत नाही, तासभर उभे राहवत नाही, म्हणून घरीच असतो. आज जे लिहितो ते खरे तर कीर्तनातच सांगायला हवे होते. राहून गेले.

तुम्ही सप्ताहाला बसणारी माणसे, तेव्हा आवलीचे सोंग तुम्ही ऐकलेच असेल. रात्री मंडप पेंगायला लागला की कीर्तनकार देहूला जातो. पदर खोचायचा, कंबरेवर हात ठेवायचा, आवाज बाईचा काढायचा आणि विठोबाच्या नावाने बोटे मोडायची. लोक पोट धरून हसतात, टाळकरी जागे होतात, मग पुढची चाल धरायची. मी हे शेकडो वेळा केले. आधार नव्हता असेही नाही, गाथेत बायकोच्या कठोर बोलण्याचे अभंग आहेतच.

एकदा पूर्णेकडच्या एका गावचा सप्ताह आटोपून आम्ही दोघे एसटीने गंगाखेडला परतत होतो. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "लोकायला हसवलं, बरं झालं. पण भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकर घेऊन कोण जायचं? आन् त्याच्या आधी ती बाई जेवली व्हती का, हे नाही सांगितलं तुम्ही."

मी म्हणालो, "अगं, दृष्टांत असतो तो. साधकाच्या वाटेतला संसार म्हणजे आवली."

"मंग मी बी दृष्टांतच म्हणा की."

मी हसण्यावारी नेले.

तिला तसे म्हणण्याचा अधिकार होता. १९७२ च्या दुष्काळात मी आळंदीला, जोग महाराजांनी १९१७ साली स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत गाथा-ज्ञानेश्वरी पाठ करत होतो. आमचे लग्न होऊन वर्ष झाले होते. ती इकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिथे मिळालेली सुकडी पदरात बांधून सासूसाठी घरी आणायची. मी सुट्टीला आलो तेव्हा तिच्या तळहातांकडे पाहिले आणि वैराग्यावर दोन शब्द बोललो. बावीस वर्षांचा होतो, विद्या नवी होती. तरीही आज लाज वाटते.

दोन वर्षांखाली कार्तिकात ती गेली. आठ दिवसांचे दुखणे. दवाखान्यात शेवटच्या रात्री तिने विचारले, "जेवलात का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. बावन्न वर्षांच्या संसारात हाच प्रश्न मी तिला किती वेळा विचारला, ते आठवायला बसलो तर एका हाताची बोटे पुरतात. जनाबाईच्या गंगाखेडला, गंगेच्या घाटावर अस्थी सोडल्या.

तेरवीला कीर्तन माझ्याच एका शिष्याचे ठेवले होते. पोर गुणी आहे. तिच्या हातची भाकरी खाऊन मोठा झाला. भरल्या गळ्याने म्हणाला, "आमच्या माई आवलीसारख्या नव्हत्या हो!" आणि मग आवली कशी होती ते दाखवू लागला. तोच पदर, तोच हात, आवाजाची फिरतसुद्धा माझीच. मंडप हसला. माझी सूनही तोंडाला पदर लावून हसली. मी भिंतीला टेकून माझेच कीर्तन ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी तो पाया पडायला आला. म्हणाला, "महाराज, काही चुकलं का?" मी म्हणालो, "तुझं नाही, शिकवणाऱ्याचं चुकलं. बस." मग जे मला ठाऊक असून मी कधी जोडून सांगितले नव्हते ते त्याला सांगितले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची थोरली, रखुमाई, अन्नावाचून गेली. लेकरू गेले. त्या घरात मागे राहिली ती धाकटी जिजाई, पुण्याच्या गुळव्यांची सुखवस्तू लेक. नवऱ्याला घातल्याशिवाय घास न घेणारी, त्याला शोधत उन्हात डोंगर चढणारी. देव तिच्या पायातला काटा काढायला आला, असे आपलीच परंपरा सांगते. घरात उपाशी पोरे असताना ती देवाशी भांडली तर भांडली. भांडायला देव समोर आहे असे मानावे लागते ना?

आणि १६५० साली बीजेला तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. नारायणबाबा पोटात होते. त्याच नारायणबाबांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. माऊली, आपण देहूहून ज्या पालखीमागे चालतो ती तिच्या त्या लेकराने काढलेली. वैकुंठाला गेलेल्याची बीज आपण दरवर्षी करतो. दुसऱ्या दिवशी तिने चूल कशी पेटवली असेल, हे मला ती गेल्यावर, रिकाम्या स्वयंपाकघरात उभे राहिल्यावर सुचले.

पोराने सारे वहीत उतरून घेतले. मग डोके खाजवत म्हणाला, "पण महाराज, मग मंडप जागा कशानं ठेवायचा?" मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या बीजेला शेजारच्या गावी त्याने हे सगळे सांगितले. पुरुषांच्या अंगाला चुळबुळ झाली म्हणे, दोघे-तिघे तंबाखू खायला उठले. बायांच्या अंगाला मात्र कोणी हलले नाही. पाकीट नेहमीपेक्षा हलके होते, असे तो हसत म्हणाला. मी त्याला विचारले, "जेवलास का?"