वर गच्चीवर, बाहेर अंगणात

इंग्रजीच्या लांबलचक शब्दांना आमची मुलं घाबरत नाहीत. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ स्पेलिंगसकट लिहून दाखवतात. ती अडतात अप, आउट, ऑफ, ऑन, टू, विथ या चिमुकल्या शब्दांपाशी. त्यातले दोन एकापाठोपाठ आले की वही बंद. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे सोबत. मग ‘पुट अप विथ’चा अर्थ ‘सहन करणे’ कुठून आला? गाइडात अशा जोड्यांची यादी असते आणि वर सूचना असते, पाठ करा.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इंग्रजी माझा विषय नाही. तरीही मुलं हे प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, कारण माझ्याशी घरच्या भाषेत बोलता येतं. त्यांना समजावता समजावता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे जोडशब्द त्यांना परके वाटतात, पण त्यांची रचना रोज त्यांच्या तोंडात असते.

एखाद्या मुलाला विचारा, दादी कुठे आहे? तो म्हणेल, “वर गच्चीवर.” घरी उर्दूत म्हणेल, “ऊपर छत पर.” इंग्रज माणूस म्हणेल, “अप ऑन द टेरेस.” बाहेर अंगणात, बाहर आँगन में, आउट इन द यार्ड. खाली दुकानात, नीचे दुकान में, डाउन ॲट द शॉप. पहिला शब्द बोलणाऱ्याच्या जागेवरून दिशा सांगतो: माझ्यापासून वर, माझ्यापासून बाहेर. हे क्रियाविशेषण. दुसरा शब्द त्या वस्तूशी नातं जोडतो. मराठीत ते नातं ‘गच्चीवर’, ‘अंगणात’ असं नामाला चिकटून येतं, उर्दूत ‘पर’, ‘में’ असं नामामागे वेगळं उभं राहतं, इंग्रजीत ‘ऑन’, ‘इन’ असं नामाच्या आधी. जागा बदलली, काम तेच. म्हणून ‘वर’ दोनदा आलं तरी ‘वर गच्चीवर’मध्ये पुनरुक्ती नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

नामाच्या आधी येणारा शब्दही आमच्या मुलांना नवा नाही. बिस्मिल्लाह तर सगळेच म्हणतात. त्यात ‘बि’ हा शब्द ‘इस्म’च्या आधी येतो, अर्थ ‘नावाने’. ‘फ़ी सबीलिल्लाह’मधला ‘फ़ी’ म्हणजे ‘मध्ये’, तोही आधी. उर्दू व्याकरणात अशा शब्दांना हर्फ़-ए-जार म्हणतात. मकतबात हे ओळखणारं मूल इंग्रजीच्या तासाला कोरी पाटी घेऊन बसत नाही.

आता क्रियापदाकडे. ‘ईट अप’ म्हणजे वर खाणे नव्हे, सगळं खाऊन टाकणे. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. मुलं विचारतात, सर, यात ‘अप’ कुठे आहे? मी उलट विचारतो, ‘सिगारेट सोडून दे’ यात कोण कुणाला काय देतं? ‘खाऊन टाक’ यात काय टाकायचं असतं? उर्दूतही ‘छोड़ दो’, ‘खा डालो’. देणे, टाकणे, डालना ही क्रियापदं तिथे आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून काम पुरं झाल्याची खूण देतात. आपण ही खूण दुसऱ्या क्रियापदाने देतो, इंग्रजी ती बऱ्याचदा ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ने देते.

मग तिसरा शब्द कशासाठी? तो नामाला जोडून घेण्यासाठी. ‘द मिल्क हॅज रन आउट’, दूध संपलं, वाक्य पुरं झालं. पण ‘आम्ही’पासून सुरुवात केली तर दुधाला जोडायला काहीतरी हवं: ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. ‘कॅच अप’ म्हणजे मागे पडलेलं अंतर भरून काढणे; कुणाला गाठलं ते सांगायचं तर ‘विथ’ लागतो. आपणही ‘पुढे गेला’ एवढ्यावर थांबतो, नाहीतर ‘त्याच्यापुढे गेला’ म्हणतो.

ओळखायची एक साधी कसोटीही आहे. ‘इट’ घालून पाहा. शब्दकोशात शब्द शोधणे हे ‘लुक अप’. तिथे ‘लुक इट अप’ म्हणतात, कारण ‘अप’ क्रियापदाचा सोबती आहे आणि मध्ये जागा देतो. पण ‘लुक ॲट इट’चं ‘लुक इट ॲट’ होत नाही, कारण ‘ॲट’ नामाचा सोबती आहे, तो त्याच्या आधीच उभा राहणार. ‘पुट अप विथ इट’मध्ये ‘इट’ शेवटी जातं ते ‘विथ’मुळे. बोलतानाही कान दिला तर ‘अप’वर जोर ऐकू येतो, ‘विथ’ हलकेच निसटतो.

अर्जाच्या शेवटी पुष्कळ जण ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहितात. हवं ‘टू मीटिंग यू’. हा ‘टू’ नामाला जोडणारा आहे, म्हणून पुढच्या क्रियापदाला नाम व्हावं लागतं. आपल्याकडे हा नियम लहान मूलही पाळतं. ‘भेटणेआधी’ कुणी म्हणत नाही, ‘भेटण्याआधी’ म्हणतात. ‘मिलना से पहले’ कुणी म्हणत नाही, ‘मिलने से पहले’ म्हणतात.

याने सगळं सुटत नाही. ‘पुट अप विथ’चा अर्थ पाठच करावा लागतो. पण कोणता शब्द कुणाचा सोबती हे कळलं की पाठ करायचं ओझं कमी होतं, आणि मुख्य म्हणजे भीती जाते.

हे इतकं लिहितोय ते व्याकरणासाठी नाही. पालकसभेत एक अम्मी मला म्हणाल्या, “सर, इंग्लिश के ट्यूशन में बोले, घर में उर्दू बंद करो. करूँ क्या?” त्या घरी उर्दू बोलतात, बाजारात मराठी. मुलाशी इंग्रजी बोलण्याइतकी त्यांना येत नाही. म्हणजे त्यांना दिलेला सल्ला, नीट वाचला तर, असा होता: मुलाशी बोलणं कमी करा. असा सल्ला आमच्या मोहल्ल्यात अनेक घरांत पोचलाय. उर्दू माध्यम म्हणजे मागे पडणं, मराठी म्हणजे ‘त्यांची’ भाषा, आणि इंग्रजी यायला हवी तर दोन्ही विसरायच्या.

मी त्यांना म्हटलं, “आपा, बंद मत करो, और ज़्यादा बोलो.” दादीच्या गोष्टी, बाजारातले हिशोब, भांडण, समजूत, सगळं बोला. मूल जितकं घरच्या भाषेत बारीक बोलेल, तितका बारीक फरक त्याला दुसऱ्या भाषेत ऐकू येईल. ‘सोड’ आणि ‘सोडून दे’ यातला फरक ज्याला कळतो, त्याला ‘गिव्ह’ आणि ‘गिव्ह अप’मधला फरक सांगायला वेळ लागत नाही. ज्याच्याकडे पहिलाच फरक उरला नाही, त्याला सांगायचं कशाच्या आधारावर?

दोन भाषा येणारं मूल म्हणजे दोन अडथळे असलेलं मूल नव्हे. त्याला तिसऱ्या भाषेत शिरायला दोन दारं आहेत. ती आपल्याच हाताने बंद करू नका, एवढंच माझं पालकांना सांगणं आहे.