सिरपूरचा तलाव आणि आमची लाल शाई

इंदूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मंडळींना सिरपूरचा तलाव ठाऊक नाही असे नाही. परंतु धार रस्त्याने मांडवगडास जाताना मोटारीच्या खिडकीतून पाण्याची एक चकाकी दिसावी आणि मागे पडावी, एवढीच बहुतेकांची त्याच्याशी ओळख असते. आमचीही कित्येक वर्षे तेवढीच होती. होळकरांच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा तलाव २०२२ साली रामसरच्या पाणथळींच्या यादीत समाविष्ट झाला, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना त्याची आठवण झाली. आम्हांस मात्र त्याच्या काठी नेले ते मधुमेहाने. डॉक्टरांनी रोज तासभर चालावयास सांगितले, आणि नुसते चालणे कंटाळवाणे होते म्हणून आम्ही गळ्यात एक जुनी दुर्बीण अडकविली.

पहिल्याच सकाळी आमच्या विद्वत्तेची परीक्षा झाली. उथळ पाण्यात पांढरे पक्षी उभे होते. आम्ही प्रौढपणे म्हणालो, "बगळे." सौभाग्यवती म्हणाल्या, "ते मलाही दिसतंय. पण सगळे एकसारखे कुठे आहेत?" पाहतो तो खरोखरच उंची निराळी, चोचीचा रंग निराळा. त्या दिवसापासून बगळ्यांनी आमचे तीन हिवाळे खाल्ले. काळ्या चोचीचा, काळ्या पायांचा आणि पंजे तेवढे पिवळे असलेला तो लहान बगळा. पिवळे मोजे घालून चिखलात उतरल्यासारखा दिसतो, म्हणून तो लवकर साधला. गुरांच्या पायांशी घोटाळणारा, आखूड मानेचा आणि पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. पावसाळ्यात त्याच्या डोक्यामानेवर केशरी झाक चढते. खरी पंचाईत होते ती मोठ्या आणि मध्यम बगळ्याची. हिवाळ्यात दोघांचीही चोच पिवळी, पाय काळे. एकटाच उभा असला तर त्याला मोठा म्हणावे की मध्यम, हे कशाशी ताडून ठरवायचे? पुढे कळले, की चोचीच्या कोपऱ्यातून निघणारी जिवणीची रेघ पाहावी. मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच थांबते. मोठ्यात ती डोळ्याच्याही मागे जाते. एवढ्या रेघेसाठी आम्ही एकदा बांधावर अर्धा तास ओणवे बसलो होतो, आणि शेवटी तो पक्षी आमच्याकडे पाठ करून उडून गेला.

ढोकरीला पक्ष्यांवरील पुस्तकांत 'वंचक' असे नाव आहे. ज्याने ते ठेवले त्याला आमचा नमस्कार. मातकट रंगाचा हा पक्षी मातकट काठावर बसला की तेथे कोणी नाहीच असे वाटते, आणि पाय जवळ पडताच पांढरेशुभ्र पंख उघडून तो असा निसटतो की ढोकरी गेली कुठे आणि हा बगळा आला कुठून, अशी भ्रांत पडावी. झुडपांतल्या हिरवट-करड्या इवल्या वटवट्यांविषयी आम्ही काही लिहीत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले त्यांचे पाहुणे मिसळले म्हणजे जाणकारही मान हलवितात. आम्ही तर केव्हाच शरण गेलो आहोत.

अशा वेळी सलीम अलींची गोष्ट धीर देते. १८९६ साली जन्मलेल्या या थोर पक्षिशास्त्रज्ञाचा आरंभ एका न ओळखता आलेल्या चिमणीपासून झाला. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कोणती हे मामांना सांगता येईना, म्हणून मामांनी मुलाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे धाडले. साहेबांनी ती ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखविले. ठाऊक नाही, असे मामांनी सरळ सांगितले, हा भाग आम्हांस फार मोलाचा वाटतो. कारण आमच्या हातून तेवढेही झाले नाही.

ती हकीकत अशी. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत मुलांना 'परिसरातील पक्षी' अशी वही लिहावयास दिली होती. सातवीतल्या एका मुलाने दिवाळीच्या सुट्टीनंतर वही आणली. त्यात शाळेमागच्या लिंबावर 'पपीहा' पाहिल्याची नोंद होती. पपीहा म्हणजे आपला पावशा. माळव्यातला शेतकरी त्याच्या बोलात 'पी कहाँ' ऐकतो आणि आपल्या आजी 'पेरते व्हा' ऐकत, पण पक्षी एकच. तो ओरडतो उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर. कार्तिकात त्याचे काय काम, असा आम्ही तर्क केला. मुलाने शिक्रा पाहिला असणार, हे उघड होते. आम्ही लाल शाईने 'पपीहा' खोडले, वर 'शिकरा' लिहिले आणि गुण कापला.

गेल्या कार्तिकात सिरपूरच्या बांधावरील बाभळीवर आम्ही एक शिक्रा पाहिला. पाठ राखी, छातीवर तांबूस पट्टे, डोळा पिवळा. उडत आला तोही शिक्र्यासारखाच, चार वेळा पंख मारून मग तरंगत. साळुंक्यांनी एकच कल्लोळ केला. आम्ही समाधानाने दुर्बीण खाली ठेवणार, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, चोच बघा की! ही शिकाऱ्याची चोच नव्हे." खरेच, ती आकडीसारखी वाकलेली नव्हती. पाय आखूड होते. शिक्र्याचे ते लांब, पकड घेणारे पाय कुठेच नव्हते. आणि मग त्या पक्ष्याने पानाआडून एक केसाळ सुरवंट ओढून काढला, फांदीवर आपटला आणि गिळला. शिक्रा सरडे धरतो, चिमण्या धरतो. केसाळ सुरवंट हे कोकिळेच्या कुळाचे खाणे. पावशा कार्तिकात कुठे जात नाही. तो फक्त मुका होतो, आणि ससाण्याच्या त्या उसन्या वेषात कोणाच्या ओळखीस येत नाही. त्याचा हा वेष सातभाईंच्या घरट्यात अंडे घालताना त्याच्या कामी येत असावा, असे मानतात. आम्हांलाही त्याने बरोबर फसविले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन आम्ही कपाट उपसले. प्रदर्शनासाठी ठेवलेल्या वह्यांत ती वही सापडली. लाल रेघेखाली मुलाचे वाक्य स्पष्ट वाचता येत होते: तो बालों वाली इल्ली खात होता, असे त्याने लिहिले होते. आम्ही ते त्या वेळी वाचलेच नव्हते.

मुलगा शाळा सोडून गेला होता. त्याची धाकटी बहीण आमच्याकडे आठवीत आहे. तिच्याकडून निरोप पाठविला, तेव्हा पुढच्या रविवारी तो सिरपूरला आला. आता मोटारी वाइंडिंग करण्याच्या दुकानात काम करतो. बांधावर उभे राहून आम्ही त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो संकोचाने इकडेतिकडे पाहू लागला. वही लिहिणे त्याने त्याच वर्षी सोडले होते, असे तो बोलता बोलता म्हणाला. पक्षी पाहणे सोडले नव्हते. ते त्याला सांगावेही लागले नसते. दूरच्या पाण्यातल्या एका बगळ्याला त्याने दुर्बिणीवाचून 'मध्यम' म्हटले, आणि आम्ही दुर्बिणीतून ती जिवणीची रेघ शोधीत राहिलो.

आम्ही वही त्याच्या हाती दिली. पाने उलटता उलटता तो एका ठिकाणी थांबला आणि हसू लागला. "सर, ही मात्र माझी चूक आहे," तो म्हणाला. त्याने तेथे 'बड़ा बगुला' असे लिहिले होते आणि पुढे, गाईच्या पायांशी चालत टोळ खात होता, असे. तो गायबगळा होता, हे आता आम्हांसही कळत होते. त्या ओळीसमोर आमच्याच हातची, लाल शाईतली, बरोबरची खूण होती.