बॉनेटची वायर

शिरूर-चौफुला रस्त्यावर वडापच्या जीपा पळायच्या, त्या काळात बॉनेट उघडत नाही ही तक्रार कुणी ऐकलेली नव्हती. जीपच्या बॉनेटचे दोन्ही हूक बाहेरून. ड्रायव्हर खाली उतरायचा, इकडचा हूक सोडवायचा, पुढून वळसा घालून तिकडचा सोडवायचा आणि पत्र्याचं ते झाकण मागं उलटून काचेला टेकवायचा. आत कोंबलेली चौदा-पंधरा माणसं, बाजाराची बोचकी, एखादी शेळी, एवढ्यांच्या देखत इंजिन उघडं पडायचं. मग सगळ्यांनाच त्यातलं कळायला लागायचं. एक म्हणायचा पाणी बघ, दुसरा म्हणायचा पट्टा बघ, आणि ज्यानं जन्मात बैलगाडीशिवाय काही हाकलं नाही तो म्हणायचा, "डिझेलात हवा घेतलीय." निम्म्या वेळा तोच खरा निघायचा.

हूक बाहेर असण्याचा एक तोटा होता. रात्री दारात लावलेल्या गाडीची बॅटरी सकाळी जाग्यावर असेलच असं नाही. म्हणून काही मालकांनी बॉनेटला कडी वेल्ड करून कुलूप घातलं होतं. घराच्या दाराला कुलूप नसायचं, पण जीपच्या बॉनेटला असायचं. पुढं ओम्नी आली, तिचं सगळंच निराळं. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की काम सुरू. छोट्या मोटारी मात्र आमच्या वस्त्यांवर आल्या त्या कालव्याच्या पाण्यानं आणि उसाच्या पैशानं. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली. आमच्या शिवारात मोटार दारापुढं उभी राहायला त्यानंतर पंधराएक वर्षं गेली. ह्या मोटारींच्या बॉनेटचा खटका आत, स्टेअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी. तो ओढला की पुढं खट्ट वाजतं, बॉनेट बोटभर उचलतं, मग त्या फटीत बोटं घालून दुसरा खटका सरकवायचा. हा दुसरा खटका कशाला, तर पळत्या गाडीत बॉनेट उडून काचेवर येऊ नये म्हणून.

ह्या दोन टोकांच्या मधे असते ती वायर. आमच्याकडं सायकलच्या ब्रेकची, मोटारसायकलच्या क्लचची, पाठीवरच्या फवारणी पंपाच्या रेसची, सगळ्याला वायरच म्हणतात. बाहेर नळी, आत पोलादी तारांचा पीळ आणि टोकाला मणी. माझा धाकटा मुलगा डिप्लोमा झालाय, तो म्हणतो हिला बाउडन केबल म्हणायचं. अर्नेस्ट बाउडन नावाच्या माणसानं १८९६ साली इंग्लंडात हिचं पेटंट घेतलं. असेल. मला तिच्यातली एकच गोष्ट नवलाची वाटते. ओढायची आतली तार, पण जोर धरून राहते ती बाहेरची नळी. नळी जागची हलली की आतली तार कितीही ओढा, पलीकडं काही पोचत नाही. एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला हे लवकर समजतं.

आम्ही गाडी घेतली ती हौसेनं नाही. थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, दोन्ही किडन्या गेल्या. शुगर जुनी होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, दौंडला डायलिसिस सुरू झालं. आमचं गाव भीमेच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. नदी ओलांडली की दौंड तालुका. पारगावचा पूल, केडगाव चौफुला, तिथून सोलापूर हायवेनं वरवंड, पाटस आणि मग आत दौंड. पहिले दोन महिने एसटी आणि रिक्षा करून पाहिलं. जाताना माणूस जायचा, येताना त्याचं चिपाड व्हायचं. चार तास मशीनवर रक्त फिरवून आलेल्या माणसाला चौफुल्यावर उभं राहून एसटीची वाट बघायला लावणं मला बघवेना. मग पोरांनी एक जुनी पांढरी गाडी पाहिली आणि सोसायटीच्या पैशाला थोडी भर घालून घेतली. चालवायला मी. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी लायसन काढलं.

त्या वर्षीच्या दिवाळीत बॉनेटचा खटका सैल लागायला लागला. एकानं आत ओढायचा आणि दुसऱ्यानं बाहेरून बॉनेटवर थाप मारायची, तेव्हा उघडायचं. गावातल्या मिस्त्रीला दाखवलं. त्यानं वायरीत ऑइल सोडलं, खटक्याला ग्रीस लावलं आणि नवी वायर पुण्याहून मागवतो म्हणाला. वायर काही आली नाही. वाहनाच्या सामानाचं पुणे आणि माणसाच्या गरजेचं पुणे ह्यांच्यात फार अंतर असतं.

जानेवारीतला शुक्रवार होता. कारखान्यांचा सीझन भरात. दौंडहून निघायलाच उशीर झाला, कारण मशीनवर अण्णांचं बीपी उतरलं होतं. पारगावचा पूल ओलांडला तेव्हा दिवस बुडाला होता. पुढं दोन्ही बाजूंनी ऊस. तेवढ्यात काट्याकडं लक्ष गेलं, तो वर चढत होता. गोड, भाजल्यासारखा कुलंटचा वास आला. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन कायम भरलेला असायचा. तो काढला, आत वाकून खटका ओढला, आणि तो नुसता लोंबत हातात आला. कसला ताण नाही, कसला आवाज नाही. वायर तुटली.

गंमत पाहा. पाणी हातात, रेडिएटर वीतभर अंतरावर, आणि मधे एक पत्रा.

त्या रस्त्यावर संध्याकाळी थांबणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागेल. शिरूर, आंबेगाव, जुन्नर ह्या पट्ट्यातल्या उसात बिबटे राहतात, उसातच वितात. आमच्याकडं त्याला बिबट्या कुणी म्हणत नाही, वाघच म्हणतात. त्यानं शेळ्या नेल्या, कुत्री नेली, माणसांवरही हल्ले झाले. रात्री दारं धरायला गेलेला माणूस मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून बसतो ते गाण्याच्या आवडीनं नाही.

अण्णा मागच्या सीटवर शाल गुंडाळून पडले होते. म्हणाले, "काय झालं रं?"

"बॉनेट उघडंना."

"मी उतरू का? ढकलायची का?"

त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला केलेला. त्या हातानं भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही असं डॉक्टरनं बजावलेलं, आणि हा माणूस गाडी ढकलायला निघाला. मी म्हटलं, तुम्ही काच वर करून आत बसा. त्यांनी काच वर केली आणि माझ्या हातातल्या कॅनकडं बघत राहिले. त्यांना दिवसाला लिटरभर पाणी, त्यातच चहा आणि आमटीचं पाणी धरायचं. त्या पाच लिटरच्या कॅनकडं ते कसे बघत होते ते मी लिहू शकत नाही.

दोन पोरं मोटारसायकलवरून आली. आमच्याच बाजूची, ओळखीची. त्यांतला एक जवळच्या वस्तीवर गेला आणि पहार घेऊन आला. "तात्या, एका दणक्यात उचकटतो." उत्साह चांगला होता. पण पहार घालायची ती नेमकी खटक्यापाशी, आणि खटक्याच्या मागं लगेच रेडिएटर. पहार निसटली असती तर नळीतून गळत होतं ते रेडिएटरातून गळलं असतं, आणि वाकलेलं बॉनेट कधीच नीट बसलं नसतं. मी त्याला पहार खाली ठेवायला लावली. तो जरा नाराज झाला.

मग उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा, वर गाणी लावलेली. रस्ता अडलेला बघून ड्रायव्हर उतरला. बीडकडचा होता, तिशीच्या आतला, पायात स्लिपर. त्यानं आधी अण्णांकडं पाहिलं, मग गाडीकडं, मग पोरांच्या पहारीकडं.

"मामा, ती पहार ठिवा लांब. वायर कुठं तुटली ते बघितलं का?"

"अंधारात काय दिसतंय?"

त्यानं ट्रॅक्टरच्या डब्यातून पकड आणि पेचकस आणला, मोबाइलची बॅटरी माझ्या हातात दिली आणि स्टेअरिंगखाली उताणा झोपला. पाय बाहेर रस्त्यावर. लिव्हरचे दोन स्क्रू काढले, नळी मोकळी करून खाली ओढली. मणी तुटून पडला होता, आणि नळीच्या तोंडाशी तारेचं करंगळीच्या पेराएवढं टोक होतं. "नशीब हाय. हिकडंच तुटलीय," तो म्हणाला. मला बाहेर पिटाळलं. "मी हाक दिली की बॉनेट दोन्ही हातांनी खाली दाबा आन लगेच सोडा." खाली दाबल्यानं खटक्यावरचा भार कमी होतो, म्हणजे तारेला कमी ओढावं लागतं. त्यानं एका हातानं नळी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं पकडीत टोक धरून ओढलं. पहिल्यांदा पकड निसटली. दुसऱ्यांदा तारेचे दोन पदर तुटल्याचा आवाज आला आणि त्यानं शिवी दिली. तिसऱ्यांदा खट्ट.

बॉनेट उघडलं तरी झाकणाला हात लावू दिला नाही. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, हे त्याला सांगावं लागलं नाही, मलाही नाही. पोरांना सांगावं लागलं. अर्धा तास थांबलो. वरची रबरी नळी क्लिपापाशी चिरली होती. त्यानं ट्यूबच्या पट्टीचे ताणून सात-आठ वेढे दिले, पाणी भरलं, आणि दाब साठू नये म्हणून झाकण पुरतं न आवळता एक खाच ढिलं ठेवलं. बॉनेट पक्कं लावलंच नाही. दुसऱ्या खटक्यावर टेकवलं आणि ट्रॉलीच्या दोरीनं बंपरला बांधलं, कारण वाटेत परत पाणी घालावं लागणार होतं. मी पैसे पुढं केले. तो म्हणाला, "काट्यावर नंबर लावायचाय मामा, उशीर झालाय," आणि गेला. कुठल्या कारखान्याला चालला होता तेही विचारायचं राहिलं. वाटेत दोनदा पाणी घालून, हळूहळू, आम्ही रात्री साडेदहाला घरी पोचलो. अण्णा दोन घास जेवले.

पुढची डायलिसिस मंगळवारी होती, म्हणजे हातात तीन दिवस. ह्या वेळी मी गाडी शिरूरला नेली. तिथला मिस्त्री बोलका. वायर घालता घालता त्यानं मला बॉनेटची सगळी शाळा शिकवली. खटका सैल लोंबला तर वायर तुटली. खटका कडक होऊन हललाच नाही तर वायर गंजून नळीत धरली. तिथं जोर केला तर खटकाच मोडून हातात येतो. आणि खटका चांगला ओढला जातोय पण बॉनेट उचलत नाही, तर एक तर पुढच्या लॉकमधे माती-ग्रीस बसून चिखल झालाय, नाही तर नळी क्लिपातून सुटलीय. आपल्याकडं मातीच जास्त, तो म्हणाला. उसाच्या सीझनला रस्त्याचा फुफाटा, पावसाळ्यात काळी माती, सगळी पुढून लॉकमधेच जाते.

माझी आतल्या टोकाला तुटली होती म्हणून पकडीवर भागलं. पुढच्या टोकाला तुटली असती तर आतून काही उपाय नव्हता. मग पुढच्या जाळीतून बॅटरी मारून लॉक कुठं आहे ते बघायचं आणि टोक वाकवलेल्या सळईनं त्याची जीभ बाजूला सारायची. काही गाड्यांची जाळी बाहेरून सुटते. जिची सुटत नाही तिला खालून जावं लागतं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, चाकाखाली लाकडी ठोकळे द्यायचे. घाईघाईत सळई रेडिएटरात घुसवून आणलेल्या चार गाड्या त्याच्या दारात येऊन गेल्या होत्या. "वायर तीनशेची, तात्या," तो म्हणाला. "ती वाचवायला लोकं आठ हजाराचं बॉनेट घेऊन येतात."

मग त्यानं एक जादा काम केलं. सायकलच्या ब्रेकची वायर घेतली, तिचा मणी थेट लॉकच्या जिभेला अडकवला, आणि दुसरं टोक खाली आणून बंपरच्या आतल्या अंगाला मुडपून कडं करून ठेवलं. बाहेरून दिसत नाही. वाकून खालून हात घातला तरच बोटाला लागतं. मी म्हटलं, हे चोराला कळलं तर? तो म्हणाला, "तुमच्या गाडीची बॅटरी चोरायला येईल त्याला आधी ती चालू करून दाखवावी लागंल."

अण्णा त्यानंतर चौदा महिने होते. आठवड्यातून दोन खेपा, पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो की काय म्हणून दोन वेळा आदल्या दिवशीच पलीकडं पाहुण्यांकडं मुक्कामाला गेलो. गाडीनं परत कधी रस्त्यात धरलं नाही. नवी वायरही तुटली नाही. अण्णांना मात्र त्या जादा वायरीचं फार कौतुक. घरी कुणी भेटायला आलं की तब्येतीचं बोलणं ते दोन वाक्यांत उरकायचे आणि मला म्हणायचे, "त्यांना ते कडं दाखव." पाहुणा बिचारा सफरचंदाची पिशवी हातात घेऊन बंपरखाली वाकायचा.

ते गेल्यावर वर्षभर गाडी गोठ्याच्या शेडमधे उभी होती. मग पारनेरच्या बाजूचे एक शिक्षक घ्यायला आले. त्यांनी टायर पाहिले, कागद पाहिले, चालवून पाहिली, दोन हजारांवरून थोडी घासाघीस झाली. चावी देताना मी त्यांना पुढं बोलावलं आणि गुडघ्यावर बसायला सांगितलं. पांढरी पँट होती, त्यांनी आधी रुमाल अंथरला. मी त्यांचा हात धरून बंपरखाली नेला आणि कडं बोटात दिलं.

"ओढा," म्हटलं.